नोकरी गेली आणि सुगरण भेटली

मागच्या महिन्यात आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर एक जाहिरात येऊन पडली. पद : प्रोजेक्ट ऑफिसर, वन्यजीव प्रजाती संवर्धन. काम : ठरलेल्या भागात फिरून एका पक्ष्याच्या नोंदी ठेवणं, गावकऱ्यांशी बोलणं, वनखात्याशी पत्रव्यवहार, दर तीन महिन्यांनी अहवाल. मुदत : अकरा महिने. पुढे निधी आला तर वाढवू.

ग्रुपवर आधी चार-पाच हसणारे इमोजी आले. मग एकाने विचारलं, अकरा महिन्यांनी काय करायचं? त्यावर कोणीच काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीचं वेळापत्रक पडलं आणि जाहिरात वर सरकून गेली.

त्या मुलाचा प्रश्न चुकीचा नव्हता. आपल्या वाशिममध्ये माळावर पाखरं बघत फिरणाऱ्या पोट्ट्याला घरचे रोज हेच विचारतात. सोयाबीनला भाव नाही, बहिणीचं लग्न डोक्यावर आहे आणि तू दुर्बीण घेऊन कुठं निघालास?

पण थांबा. हाच प्रश्न १९३० साली मुंबईत एका तेहेतीस वर्षांच्या माणसासमोर उभा होता. त्याचंही पद असंच निधीअभावी गेलं होतं, लग्न झालेलं होतं आणि हातात नीट डिग्रीसुद्धा नव्हती. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात तो आपल्याला एका ओळीत भेटतो : भारताचे बर्डमॅन, डॉ. सलीम अली. पर्याय अ, ब, क, ड, आणि आपण पुढच्या प्रश्नावर. त्या एका ओळीच्या मागे काय होतं, ते आज बघू.

पिवळ्या गळ्याची चिमणी

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईचा. भावंडांत ते सगळ्यात धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई गेली. मुलं मामाच्या घरी, खेतवाडीत वाढली. मामा अमिरुद्दीन तय्यबजी हे हौशी शिकारी. घरात बंदुका, शिकारीच्या गप्पा आणि भाच्याच्या हातात एअरगन. पक्ष्यांवर जीव असलेला हा माणूस सुरुवातीला पक्षी मारत फिरायचा, हे आधीच सांगून ठेवते.

एक दिवस त्याने एक चिमणी पाडली. उचलून बघतो तर गळ्यावर पिवळा ठिपका. रोजची चिमणी अशी नसते. ही कोणती? मामाला सांगता येईना. मग मामाने त्याला चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. ही संस्था १८८३ सालची. तिथले मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड या इंग्रज गृहस्थांनी हातात मेलेली चिमणी घेऊन आलेल्या पोराला हाकलून दिलं नाही. पक्षी ओळखून दिला, कपाटं उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले, वाचायला पुस्तकं दिली आणि नमुना जपून कसा ठेवायचा तेही शिकवायची व्यवस्था केली.

लक्षात घ्या, ती चिमणी कोणती हे त्या वयात ओळखता आलं नाही म्हणून सगळं सुरू झालं. ओळखता आलं नाही हे मान्य करून विचारायला जाणं, एवढंच त्या पोराने केलं.

लॉगॅरिदम आणि ब्रह्मदेश

अभ्यासात पुढे काय झालं? काही फार चांगलं नाही. डोकेदुखीने शाळा मध्येच सुटली, हवापालटासाठी सिंधमध्ये नातेवाइकांकडे जावं लागलं. १९१३ मध्ये मॅट्रिक झाले, तेही कसेबसे. सेंट झेवियर्स कॉलेजात नाव घातलं, पण लॉगॅरिदमने पहिल्याच वर्षी पाणी पाजलं. आपल्यापैकी ज्यांची एम-वन, एम-टू मागे राहिली आहे त्यांनी इथे जरा हसून घ्या.

कॉलेज सोडून ते ब्रह्मदेशात तवॉयला गेले. तिथे कुटुंबाचा वुल्फ्रॅमच्या खाणीचा आणि लाकडाचा धंदा होता. धंद्यात लक्ष कमी आणि आजूबाजूच्या जंगलात जास्त. १९१७ मध्ये परत आले. मग दावर्स कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेब शिकायला लागले, कारण पोटाचं काहीतरी बघायला हवं होतं. त्याच काळात झेवियर्सच्या फादर ब्लॅटर यांनी त्यांच्यातली आवड हेरली आणि प्राणिशास्त्र शिकायला लावलं. सकाळी एक कॉलेज, नंतर दुसरं. १९१८ च्या डिसेंबरात तहमिना बेगम यांच्याशी लग्न झालं. तहमिनांचं नाव पुढे पुन्हा येणार आहे.

प्राणिशास्त्राचा अभ्यास झाला, पण पूर्ण पदवी काही झाली नाही. झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियात पक्षितज्ज्ञाची जागा निघाली तेव्हा हीच गोष्ट आडवी आली. डिग्री नाही, जागा नाही.

साडेतीनशे रुपयांची नोकरी

शेवटी १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये काम मिळालं. आज आपण त्याला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणतो. तिथे निसर्गविज्ञानाचं नवं दालन उघडलं होतं आणि येणाऱ्यांना ते समजावून सांगायला गाइड लेक्चरर हवा होता. पगार महिना ३५० रुपये. त्या काळात हा चांगला पगार होता.

आपल्यातल्या बहुतेकांनी इथेच गाडी थांबवली असती. सलीम अलींना मात्र जाणवत होतं की आपण लोकांना शिकवतोय, पण आपल्यालाच नीट शिकायचं राहिलंय. १९२८ मध्ये त्यांनी अभ्यासरजा घेतली आणि जर्मनी गाठली. बर्लिनच्या म्युझियममध्ये एर्विन स्ट्रेसमान हे जगातले मोठे पक्षिशास्त्रज्ञ होते. पक्ष्यांच्या पायात कडी घालून त्यांच्या प्रवासाचा माग कसा काढायचा, मेलेला नमुना मोजण्याच्या पुढे जाऊन जिवंत पक्ष्याचं वागणं कसं अभ्यासायचं, हे त्यांना तिथे बघायला मिळालं.

१९३० मध्ये परत आले तर कळलं, जागा रद्द झाली आहे. म्युझियमकडे पैसे नाहीत.

बाहेरून शिकून आलेला माणूस, त्याच्या विषयात देशात फारशा नोकऱ्याच नाहीत आणि होती ती गेली. ग्रुपवरच्या त्या मुलाचा प्रश्न आता परत वाचा.

किहीमचा पावसाळा

मुंबईत राहणं परवडेना म्हणून सलीम आणि तहमिना अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले. घर कुटुंबातलंच होतं. हेही स्पष्ट सांगायला हवं. त्यांच्या मागे खातंपितं, शिकलेलं मोठं कुटुंब होतं. नोकरी गेली तरी चूल विझणार नव्हती. तुमच्या-माझ्या मागे हे नसतं, त्यामुळे त्यांनी केलं मग तुम्हीही करा असं म्हणणं सोपं आहे, पण खरं नाही.

पण ज्यांच्या मागे असं घर होतं ते सगळेच सलीम अली झाले नाहीत, हेही तितकंच खरं.

पावसाळा आला आणि घराजवळ सुगरणींची वसाहत लागली. विहिरीवर, नाल्यावर लोंबणारे ते खोपे आपण सगळ्यांनी पाहिलेत. शाळेच्या कवितेतून सुगरण आपल्याला पिल्लांसाठी खोपा विणणारी माय म्हणून भेटते. सलीम अलींकडे त्या दिवसांत वेळ भरपूर होता. ते आडोसा करून तासन्तास बसायला लागले आणि दिसेल ते वहीत उतरवायला लागले. कोणता खोपा, कोणता नर, कधी आला, काय केलं.

महिन्यांच्या नोंदींतून जे निघालं ते असं. खोपा विणतो तो नर. तो अर्धाच विणून थांबतो, टोपीसारखा दिसतो तेवढा. मग माद्या येतात, आत शिरून तपासतात. एखादीला पसंत पडला तर ती त्यात राहते, आणि मग नर खाली लांब नळीसारखं दार विणून खोपा पुरा करतो. ती अंडी घालून बसली की हे महाशय दुसरा खोपा विणायला घेतात, दुसऱ्या मादीसाठी. ज्याचा खोपा कोणालाच आवडत नाही त्याचे अर्धवट खोपे तसेच लोंबत राहतात. तुम्ही विहिरीवर जे अर्धे खोपे पाहिलेत ना, ते हे.

नाव सुगरण आणि विणकर नर! पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या डोळ्यांसमोर ही गोष्ट घडत होती. पण एक वसाहत, एक पावसाळा, रोज, अशी बैठक कोणी मारली नव्हती. नोकरी असती तर कदाचित त्यांनीही मारली नसती.

बिनपगारी प्रोजेक्ट

सुगरणीने नाव दिलं, पण पोट भरलं नाही. मग सलीम अलींनी एक डोकं लढवलं. तेव्हा देशात शेकडो संस्थानं होती. आपल्या राज्यात नेमके कोणते पक्षी आहेत, याची नीट यादी बहुतेकांकडे नव्हती. त्यांनी प्रस्ताव ठेवला की प्रवासाचा आणि छावणीचा खर्च संस्थानाने द्यावा, पगार नको.

पहिलं मोठं काम हैदराबाद संस्थानाचं, १९३१-३२ मधलं. नकाशा डोळ्यांपुढे आणा. आपला भाग तेव्हा वऱ्हाडात, इंग्रजांच्या कारभाराखाली होता आणि पैनगंगा ओलांडली की निजामाचं राज्य. म्हणजे आज आपण ज्याला प्रजातींचं सर्वेक्षण म्हणतो, ते नीट पद्धतीने करण्याचं काम आपल्या शेजारच्या मुलखापासून सुरू झालं. पुढे त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ, कच्छ. बैलगाडी, तंबू, कंदील. पहाटे निघायचं, पक्षी बघायचे, नमुने घ्यायचे, प्रत्येकाला लेबल लावायचं, रात्री टिपणं लिहायची. तहमिना बरोबर असायच्या. जंगलातल्या छावणीचा सगळा संसार त्यांनी सांभाळला आणि त्या स्वतःही पक्ष्यांत रमल्या.

१९३९ मध्ये एका साध्याशा शस्त्रक्रियेनंतर तहमिना गेल्या. सलीम अली तेव्हा बेचाळीस वर्षांचे होते. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. बहीण आणि मेहुण्यांच्या घरी राहायला गेले आणि उरलेलं आयुष्य पक्ष्यांत घातलं. १९४१ मध्ये द बुक ऑफ इंडियन बर्ड्स आलं. रंगीत चित्रं बघत कोणालाही पक्षी ओळखता यावा असं पुस्तक, आजही दुकानात मिळतं. नंतर अमेरिकेचे एस. डिलन रिप्ली यांच्याबरोबर भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ, १९६८ ते १९७४. कुमाऊंच्या तराईत फिन्स बाया ही हरवलेली मानली गेलेली सुगरणीची जात त्यांनी पुन्हा शोधली. १९५९ पासून सोसायटीने जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने पक्ष्यांना कडी घालायचा मोठा कार्यक्रम हाती घेतला, कारण पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडांतून रोग पसरतात का हे बघायचं होतं. पक्ष्यांच्या स्थलांतराबद्दल आज आपल्याला जे माहीत आहे त्यातलं बरंच या कामातून आलं. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण, १९८५ मध्ये राज्यसभा.

पुरस्कारांची यादी तुम्हाला कुठेही मिळेल. मला सांगायचंय ते त्या लेबलाबद्दल.

खरं लेबल, खोटं लेबल

जुन्या पद्धतीत पक्ष्याच्या नमुन्याच्या पायाला एक चिठ्ठी बांधलेली असते. तारीख, ठिकाण, कोणी गोळा केला. एवढंच. पण सगळं शास्त्र त्या चिठ्ठीवर उभं असतं.

सलीम अली तरुण असताना त्यांनी ह्यू व्हिस्लर या नामवंत इंग्रज अभ्यासकाच्या लिखाणातली एक चूक दाखवली. एका कोतवाल पक्ष्याच्या शेपटीबद्दलची. हा कोण नवखा भारतीय आपल्याला शिकवणारा, म्हणून व्हिस्लर चिडले. मग त्यांनी स्वतः नमुने पुन्हा काढून तपासले आणि चूक कबूल केली. पुढे दोघं घट्ट मित्र झाले, आणि सलीम अलींच्या सर्वेक्षणांच्या अहवालांत व्हिस्लर यांचा मोठा वाटा राहिला.

आता दुसरा माणूस. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहेगन. मोठं नाव, मोठा संग्रह. १९३७ मध्ये सलीम अली त्यांच्याबरोबर अफगाणिस्तानच्या मोहिमेवरही गेले होते. या कर्नलच्या संग्रहात रानपिंगळ्याचा एक नमुना होता. रानपिंगळा म्हणजे मध्य भारतातलं एक छोटं, दिवसा वावरणारं घुबड. १८८४ नंतर ते कोणालाच मिळालं नव्हतं. कर्नलच्या लेबलावर मात्र लिहिलं होतं, १९१४, तापीकाठचं मांडवी, गुजरात. सलीम अली आणि रिप्ली यांनी १९७० च्या दशकात या पक्ष्याचा शोध घेतला. सापडला नाही. रानपिंगळा संपला, असंच बहुतेकांनी धरलं.

पुढे उघड झालं की ते लेबल खोटं होतं. कर्नलने म्युझियममधले दुसऱ्यांचे नमुने चोरून त्यांना स्वतःची लेबलं लावली होती, आणि रानपिंगळ्याचा हा नमुना एकोणिसाव्या शतकात खानदेशात दुसऱ्याच माणसाने गोळा केलेला होता. पॅमेला रासमुसेन या अमेरिकी संशोधिकेने ही खोटी नोंद बाजूला काढली, जुन्या खऱ्या लेबलांवरची ठिकाणं घेतली आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये दोन सहकाऱ्यांसह ती शहाद्याजवळ पोचली. तिथे झाडाच्या निष्पर्ण फांदीवर, दिवसाढवळ्या, रानपिंगळा बसलेला होता. ११३ वर्षांनी! नंतर तो इतरत्रही मिळाला, आपल्या शेजारच्या मेळघाटातसुद्धा.

सलीम अली हे बघायला नव्हते. त्यांना जन्मभर कळलं नाही की आपण एका खोट्या चिठ्ठीने फसलो. आता विचार करा. पक्षी संपला असं सगळ्यांनी मानलं की त्याच्यासाठी कोणी जंगल राखायला जात नाही. एक खोटी नोंद असं नुकसान करून जाते. तीन महिन्यांचा अहवाल एसी खोलीत बसून भरायचा मोह प्रोजेक्ट ऑफिसरला होतो, तेव्हा हे आठवायला हवं.

भरतपूरची चूक

सलीम अलींचंही चुकलं. आणि ते लहान चुकलं नाही.

राजस्थानातल्या भरतपूरचं केवलादेव हे त्यांचं आवडतं ठिकाण. राजेरजवाड्यांच्या बदकांच्या शिकारीची ही जागा पक्ष्यांसाठी राखली जावी म्हणून ते वर्षानुवर्षं झटले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ते राष्ट्रीय उद्यान झालं. गावकऱ्यांच्या म्हशी आत चरतात, त्याने पाणथळ बिघडते, असं त्यांचं मत होतं. १९८२ मध्ये चराईवर बंदी आली. पिढ्यान्‌पिढ्या तिथे गुरं नेणारे गावकरी चिडले, संघर्ष झाला, पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली.

त्याच उद्यानाचा दीर्घ अभ्यास सलीम अलींच्याच सोसायटीने हाती घेतला होता. वर्षानुवर्षांच्या नोंदींतून जे पुढे आलं ते अडचणीचं होतं. म्हशी बंद झाल्यावर पाण्यातलं गवत बेफाम वाढलं, उघडं पाणी कमी झालं आणि अनेक पाणपक्ष्यांना जागा उरली नाही. म्हशी शत्रू नव्हत्या. त्या गवत आटोक्यात ठेवत होत्या.

सोसायटीने हे दडवलं नाही. आपल्या सर्वांत मोठ्या माणसाचं मत चुकलं, असं तिच्याच अभ्यासकांनी लिहिलं. मेलेली माणसं त्याने परत आली नाहीत. पण मोठ्या नावापेक्षा वही मोठी, हे ज्या माणसाने आयुष्यभर शिकवलं त्याच्याच विरोधात ती वही उघडली गेली. मला वाटतं, त्यांच्या शिकवणीचं याहून कठीण प्रात्यक्षिक दुसरं नाही.

शेवटचं वर्ष

१९८० च्या दशकात सोसायटीने संकटात असलेल्या पक्ष्यांवर स्वतंत्र प्रकल्प सुरू केले. माळढोक, तणमोर. आजच्या प्रोजेक्ट ऑफिसरच्या पदाचे पूर्वज हेच, असं म्हणायला हरकत नाही. माळढोकासाठी सलीम अली फार आधीपासून भांडत होते. राष्ट्रीय पक्षी निवडायची वेळ आली तेव्हा त्यांचं मत माळढोकाला होतं. १९६३ मध्ये मान मिळाला मोराला. मोर आज आपल्या तुरीच्या शेतात फिरतो. माळढोक देशभरात दीडशेच्या आसपास उरलेत.

या काळातली एक गोष्ट त्यांना नक्कीच आनंद देऊन गेली असेल. जर्डन्स कोर्सर नावाचा, काटेरी झुडपांत रात्री वावरणारा पक्षी १९०० नंतर कोणालाच दिसला नव्हता. हैदराबादच्या मोहिमेत सलीम अलींनीही शोधला, मिळाला नाही. जानेवारी १९८६ मध्ये सोसायटीच्या एका तरुण संशोधकाला तो आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्यात मिळाला. कसा? पक्षी पकडणाऱ्या स्थानिक माणसांना चित्र दाखवून विचारल्यावर. त्यांना तो माहीत होता. त्यांना आधी कोणी विचारलं नव्हतं, एवढंच.

सलीम अली तेव्हा एकोणनव्वद वर्षांचे होते. २० जून १९८७ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. कोइमतूरला त्यांच्या नावाची पक्षिशास्त्र संस्था १९९० मध्ये उभी राहिली. डिग्री नाही म्हणून ज्यांना जागा नाकारली होती, त्यांच्या नावाच्या संस्थेत आज पीएचडीचे विद्यार्थी काम करतात.

आणि आपला माळ

आता वाशिमकडे या. आपल्याकडे ताडोबासारखं नाव नाही, पण माळ आहे. कारंजा-सोहोळचं काळवीट अभयारण्य अठरा चौरस किलोमीटरच्या थोडं वर. गवत, बाभळी आणि आजूबाजूला शेतं. अकोल्याच्या हद्दीला लागून काटेपूर्णा अभयारण्य. शहराजवळ एकबुर्जीचं पाणी. सरकारी कागदावर माळ म्हणजे बहुतेकदा पडीक जमीन. पडीक म्हटलं की तिच्यावर काहीही करायला मोकळीक. पण याच वाशिम-अकोल्याच्या माळांवर पावसाळ्यात तणमोर येतो. कोंबडीएवढा पक्षी. मादीला दिसावं म्हणून नर गवताच्या वर उड्या मारतो, दिवसाला शेकडो. २०२१ पासून जगाच्या यादीत तो अतिसंकटग्रस्त आहे, म्हणजे नामशेष होण्याच्या अगदी काठावर.

आणि इथे भरतपूर आणि कडप्पा, दोन्हीकडचे धडे एकत्र येतात. तणमोर कुठे उतरतो हे आपल्याकडे सगळ्यात जास्त कोणाला माहीत? फासेपारध्यांना. ज्यांना इंग्रजांनी गुन्हेगार जमात ठरवलं आणि आपण अजून त्याच नजरेने बघतो, त्यांना. आपल्या भागात फासेपारधी समाजाला सोबत घेऊन माळ राखण्याचं आणि तणमोराच्या नोंदी ठेवण्याचं काम झालेलं आहे. फास लावण्यासाठी जी नजर लागायची, तीच नजर आता मोजायला वापरायची. माणसांना बाहेर काढून पक्षी वाचवायचे की माणसांना सोबत घेऊन, या प्रश्नाचं उत्तर भरतपूरने फार महाग किमतीला दिलंय. आपल्याला ते फुकट मिळतंय.

मग अकरा महिन्यांनी काय? खोटं सांगत नाही. नोकरी संपू शकते. या क्षेत्रात बहुतेक कामं प्रोजेक्टवरच असतात, निधी संपला की काम संपतं. घरची जबाबदारी असेल तर परीक्षेचा फॉर्म भरा, शिक्षक व्हा, तलाठी व्हा, त्यात कमीपणा काही नाही. पण तलाठ्याच्या सातबाऱ्यावर पडीक लिहिलेल्या जमिनीवर पावसाळ्यात कोण येतं, हे माहीत असलेला तलाठी आपल्या जिल्ह्याला हवाच आहे. आणि अकरा महिने एका माळावर रोज जाऊन खरं लिहिलेली वही कोणत्याही निधीबरोबर संपत नाही. शंभर वर्षांनी कोणीतरी ती उघडून थेट शहाद्याला पोचू शकतं.

मागच्या रविवारी मी सोहोळकडे गेले होते. वाटेत एका विहिरीवर बाभळीला खोपे लोंबत होते. घरी येऊन वहीत लिहिलं. तारीख, वेळ सकाळी सात दहा, हवा ढगाळ. सुगरण : पुरे खोपे चार, अर्धे सहा. टिटव्या : दोन. काळवीट : नऊ, लांबून. त्याखाली अजून एक ओळ आहे. गवतातून उडालेला एक तपकिरी पक्षी, पाच सेकंद दिसला. कोणता ते ओळखता आलं नाही. आधी वाटलं, तणमोर लिहून टाकावं, कोण तपासणार आहे. मग ओळखता आला नाही असंच लिहिलं.